खुंटीवरची सॅक, सिंहगडची वाट

पुणेकरांचा दिवस कोठल्या ना कोठल्या टेकडीवर सुरू होतो, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, तळजाईचे वन, हनुमान टेकडी आणि शहरातील सर्वांत उंच अशी वेताळ टेकडी, या ठिकाणी सूर्योदयाच्या सुमारास जी मंडळी भेटतात त्यांत साठी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा असतो. टेकडीला रिकाम्या हाताने जाता येते. खिशात घराची किल्ली आणि मोबाइल असला की पुरते. तासाभरात माणूस घरी परततो. सिंहगडाचे तसे नाही. टेकडीची सवय झालेले ज्येष्ठ नागरिक एखाद्या रविवारी सिंहगड पायी चढण्याचा बेत करतात, तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न पायांचा नसतो, पाठीचा असतो. सोबत काय न्यावे आणि ते कशात न्यावे?

प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. आमच्या पिढीने नोकरीच्या काळात हातात रेक्झिनची बॅग वागवली, सुट्टीच्या दिवशी खांद्याला शबनम अडकवली आणि बाजारात जाताना कापडी पिशवी घेतली. पाठीवरची सॅक ही महाविद्यालयीन मुलांची वस्तू, या वयात ती शोभत नाही, असा एक संकोच अजूनही अनेकांच्या मनात असतो. गेली काही वर्षे महिन्यातून एकदा तरी सिंहगड आणि उरलेले दिवस बँक, मंडई, दवाखाना व नातेवाईक असा क्रम चालू असल्याने माझे मत असे झाले आहे, की चांगली लहान सॅक ही निवृत्तांच्या घरातील अत्यंत उपयोगी वस्तूंपैकी एक होय. ती कशी निवडावी, आणि ती निवड जेथे खऱ्या अर्थाने पारखली जाते ती वाट कशी आहे, याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात असे वाटते.

वस्तू जुनीच, नाव नवे

'सॅक' हा शब्द आता मराठीच झाला आहे. पूर्वी गिर्यारोहक मंडळी 'हॅवरसॅक' म्हणत. मूळ शब्द जर्मन असून घोडदळातील सैनिक घोड्यासाठी ज्या पिशवीत ओट हे धान्य नेत, तिचे ते नाव. 'रकसॅक' हा त्याचा भाऊबंदही जर्मनच. त्याचा शब्दशः अर्थ पाठ आणि पिशवी. म्हणजे अलीकडे वापरात येऊ लागलेला आपला 'पाठपिशवी' हा शब्द नेमका त्याच अर्थाचा आहे.

शब्द परका असला तरी विचार आपल्याला परका नाही. आपल्याकडे प्रवासी माणूस पडशी घेऊन निघत असे. खांद्यावरून एक कप्पा पुढे आणि एक मागे सोडलेली ही दुतोंडी पिशवी दोन्ही बाजूंना सारखे वजन वाटून देते आणि हात मोकळे ठेवते. वजन शरीराच्या मध्याशी असावे, दोन्ही बाजूंना समान असावे आणि हात मोकळे राहावेत, ही तीन तत्त्वे पडशी वापरणाऱ्यांना पुरती ठाऊक होती. एका खांद्याला लटकणाऱ्या शबनमने आणि हातातल्या बॅगेने ती आपल्याला विसरायला लावली.

आतकरवाडीची चढण

सिंहगड पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, नैर्ऋत्येला आहे. पीएमपीच्या बसने खडकवासल्याच्या धरणाकाठून डोणजे गावाकडे वळले की गडाचा कातळमाथा समोर दिसू लागतो. वरपर्यंत गाडीरस्ता आहेच. परंतु पायी जाणाऱ्यांची रूढ वाट आतकरवाडीतून चढते. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,३१२ मीटर. वाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरांची आहे. मात्र एवढ्याशा अंतरात साडेपाचशे मीटरांहून अधिक चढायचे असते, ही तिची खरी ओळख. सराव असलेले तरुण तासाभरात पुणे दरवाज्यात पोहोचतात. आमच्या वयाच्या माणसाने दीड ते दोन तास हाताशी ठेवावेत आणि कोणाशी स्पर्धा करू नये.

वाटेचा स्वभाव टप्प्याटप्प्याने बदलतो. वाडी मागे पडेपर्यंत चाल सोपी असते व गप्पा चालू राहतात. पुढे चढ अंगावर येतो, गप्पा आपोआप थांबतात आणि प्रत्येकाला आपापल्या श्वासाचा आवाज ऐकू येऊ लागतो. कोठे मुरूम, कोठे उघडा खडक, कोठे मुळांच्या पायऱ्या. मधूनमधून परिसरातील गावकऱ्यांच्या ताकाच्या आणि लिंबू सरबताच्या झोपड्या लागतात. अशा ठिकाणी पाच मिनिटे बसावे. उठताना पाठीवरची सॅक जाणवली नाही तर ती योग्य आहे. जाणवली तर कोठे जाणवते ते नीट लक्षात घ्यावे. खांद्यावर रुतत असेल तर पट्टे अरुंद किंवा सैल आहेत. कमरेखाली आदळत असेल तर सॅक लांब आहे अथवा पट्टे पुरेसे ओढलेले नाहीत. मान पुढे झुकत असेल तर जड वस्तू पाठीपासून दूर, बाहेरच्या कप्प्यात भरली गेली आहे.

या चढणीवर सर्वाधिक लागते ते पाणी. ते काढण्यासाठी प्रत्येक वेळी सॅक उतरवावी लागली तर माणूस कंटाळा करतो आणि तहान मारत राहतो. ही सवय आमच्या वयाला मानवत नाही. म्हणून बाजूच्या जाळीदार खिशात बाटली अशी बसावी, की चालता चालता हात मागे नेऊन ती काढता यावी, आणि वाकले तरी ती आपणहून बाहेर पडू नये. या दोन गोष्टी परस्परांच्या विरोधात जातात. खिसा खोल असेल तर बाटली काढणे कठीण आणि उथळ असेल तर ती टिकणे कठीण. त्यांचा मेळ ज्या सॅकमध्ये बसला आहे, ती सॅक तयार करणारा माणूस स्वतः डोंगर चढलेला असावा, असे खुशाल समजावे.

पावसाळ्यात हीच वाट वेगळी होते. जून ते सप्टेंबर धुके इतके उतरते, की दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. अशा वेळी काळ्या किंवा करड्या सॅकपेक्षा केशरी, लाल वा पिवळी सॅक बरी. पाठीवरचा तो रंगच मागून येणाऱ्याला वाट दाखवतो. सॅकवर चढवण्याचे पावसाळी आवरण उपयोगी असले तरी त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नये. ते बाहेरची बाजू झाकते. पाठीला टेकलेली बाजू उघडीच राहते आणि मानेवरून ओघळणारे पाणी तेथूनच आत शिरते. आतील वस्तू एका जाड, न गळणाऱ्या पिशवीत भरून ती सॅकमध्ये ठेवणे हा अधिक खात्रीचा उपाय.

गडावर आणि गडाखाली

एकापाठोपाठ एक असे पुणे दरवाजाचे तीन दरवाजे ओलांडून माणूस वर येतो तेव्हा वारा अंगाला लागतो आणि घामाने भिजलेली पाठ एकदम गार पडते. सॅकमध्ये एखादे कोरडे बनियन किंवा पातळ विंडचीटर असण्याचे महत्त्व त्या क्षणी कळते. पुढे देवटाक्याचे थंड पाणी, लोकमान्य टिळकांचा बंगला, फेब्रुवारी १६७० मध्ये गड घेताना धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक, १७०० मध्ये याच गडावर देह ठेवलेल्या छत्रपती राजाराम महाराजांची समाधी आणि पलीकडे कल्याण दरवाजा. हवा स्वच्छ असेल तर राजगड आणि तोरणा ओळीने दिसतात व मागे वळून पाहिले की खडकवासल्याचे पाणी चकाकते. पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही यांची येथील कीर्ती सांगण्याची गरज नाही.

याच गोष्टीचा सॅकशी निकटचा संबंध आहे. वर जेवण मिळते, पाणी मिळते, चहा मिळतो. म्हणजे सिंहगडासाठी शिधा वाहून न्यावा लागत नाही. तरीही घरातून निघताना 'असू द्या' म्हणून दुसरा डबा, 'लागेल' म्हणून जादा शाल आणि 'कोणी मागितले तर' म्हणून फराळाचे दोन पुडे भरले जातात. सॅक मोठी असेल तर हे सर्व निमूटपणे आत मावते, आणि मावते म्हणूनच बरोबर येते.

चढताना याचा फक्त त्रास होतो. खरी परीक्षा उतरताना असते. चढताना दम लागतो आणि दम लागला की माणूस थांबतो. उतरताना मात्र शरीर आपल्याला पुढे लोटत असते, गुडघ्यांवरचा भार वाढलेला असतो आणि कोरड्या दिवसांत मुरुमावर पाय सटकतो. तेव्हा एका हातात काठी आणि दुसरा हात झाडाला, खडकाला किंवा सोबत्याच्या खांद्याला टेकण्यासाठी मोकळा हवा.

आमच्या गटातील एक वहिनी काही वर्षांपूर्वी उतरताना घसरल्या. उतार फार तीव्र नव्हता. त्यांच्या एका हातात डब्याची कापडी पिशवी आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती. पाय सटकल्यावर त्यांनी पिशवी सोडली नाही. भांडीकुंडी सांभाळण्याची आयुष्यभराची सवय अशा क्षणी सुटत नाही. त्या मनगटावर पडल्या. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता, आणि नंतर कित्येक महिने पोळी लाटताना त्यांना ते दुखणे आठवत असे. बऱ्या झाल्यावर त्या पुन्हा गडावर आल्या, त्या पाठीवर लहानशी निळी सॅक आणि दोन्ही हात मोकळे ठेवून. त्यानंतर आमच्या गटात सॅक शोभते की नाही, ही चर्चा कोणी केली नाही.

शाखेच्या रोकडीचा नियम

सॅकचा आकार ठरवताना मला माझ्या व्यवसायातील एक जुना नियम फार उपयोगी पडला. बँकेच्या प्रत्येक शाखेला रोकड बाळगण्याची एक मर्यादा ठरवून दिलेली असते. ती त्या शाखेच्या नेहमीच्या दिवसाच्या देण्या-घेण्यावरून ठरते. महिन्याच्या पहिल्या तारखेला किंवा सणाच्या तोंडावर रोकड अधिक लागते हे खरे. पण त्यासाठी वर्षभर तिजोरी भरून ठेवीत नाहीत. त्या दिवसापुरती जादा रोकड मागवतात. मर्यादेपेक्षा अधिक पैसा पडून राहिला तर तो निष्फळ असतोच, शिवाय जोखीमही वाढवतो. मर्यादेपेक्षा कमी असला तर ग्राहक परत जातो.

सॅक घेताना बहुतेक माणसे याच्या उलट विचार करतात. कधी काळी दोन दिवसांची सहल निघाली तर, मुलाकडे मुंबईला मुक्कामी जावे लागले तर, अशा वर्षातून दोनदा येणाऱ्या दिवसाच्या मापाने ती घेतली जाते. मग ३५ लिटरची, रिकामीच सव्वा किलो भरणारी सॅक उरलेले ३६३ दिवस कपाटावर पडून राहते आणि माणूस पुन्हा हातात पिशवी घेऊन बाहेर पडतो. माझे सांगणे इतकेच, की सॅक मोठ्या दिवसासाठी घेऊ नये, नेहमीच्या दिवसासाठी घ्यावी. मोठ्या दिवसासाठी भाच्याची किंवा शेजाऱ्याची मोठी सॅक मागून आणता येते.

नेहमीच्या दिवसाचे माप काढणे कठीण नाही. सिंहगडाच्या एका फेरीसाठी मी नेतो त्या वस्तूंचा हिशेब असा: एक लिटर पाणी बाटलीसह १,१०० ग्रॅम, छोटा डबा ४५० ग्रॅम, विंडचीटर ३०० ग्रॅम, औषधे व मलमपट्टी २०० ग्रॅम, टॉर्च १०० ग्रॅम, मोबाइल-चष्मा-किल्ल्या ३५० ग्रॅम, बनियन व पंचा २५० ग्रॅम आणि रिकामी सॅक ५५० ग्रॅम. एकूण ३ किलो ३०० ग्रॅम. साठ किलो वजनाच्या माणसाला हे त्याच्या वजनाच्या साडेपाच टक्के होतात. शाळकरी मुलांच्या दप्तराचे वजन त्यांच्या शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, असे केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणात म्हटले आहे. नातवंडांसाठी जी मर्यादा योग्य, ती आजोबांनीही पाळण्यास हरकत नसावी.

एवढे सामान मावण्यास १५ ते २० लिटरची सॅक पुरते. लिटरचा आकडा कागदावर कळत नसेल तर पट्टी घेऊन मोजावे. ४५ सेंटिमीटर उंच, २८ रुंद आणि १५ खोल अशा सॅकचे आकारमान १८,९०० घन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १९ लिटर भरते. दहा लिटरची सॅक टेकडीला छान. पण तिच्यात विंडचीटर आणि डबा एकमेकांशी भांडतात. पंचवीस लिटरच्या वरच्या सॅकमध्ये 'असू द्या'ची भरती सुरू होते.

दुकानात पारख

दुकानात जाताना पाण्याच्या एक-एक लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या सोबत न्याव्यात. रिकामी सॅक कोणाच्याही पाठीवर छान बसते. त्या बाटल्या आत ठेवून, पट्टे आवळून, दहा मिनिटे दुकानात फिरावे आणि जिना असेल तर दोनदा चढून उतरावे. विक्रेता हसला तरी चालेल. सॅकचा वरचा काठ मानेच्या बुंध्याच्या आसपास आणि खालचा काठ कमरेपाशी राहावा. उंची कमी असलेल्यांनी, विशेषतः महिलांनी, याकडे अधिक लक्ष द्यावे. माणसाच्या उंचीपेक्षा त्याच्या पाठीची लांबी येथे महत्त्वाची असते.

खांद्यांचे पट्टे गादीदार असावेत, पण फार जाड नकोत. छातीवरून जाणारा आडवा पट्टा असलाच पाहिजे. उतरत्या खांद्यांवरून सॅक घसरण्याची तक्रार त्यानेच मिटते, आणि अनेक सॅकच्या त्या पट्ट्याच्या क्लिपमध्ये लहानशी शिट्टी बसवलेली असते. धुक्यात वाट चुकली तर हाकेपेक्षा ती दूरवर पोहोचते. कमरेचा पट्टा तीन-चार किलोंसाठी वजन पेलण्याच्या कामाचा नसतो. सॅक डुलू नये एवढेच तो करतो. साधा, काढून ठेवता येणारा असला की झाले.

कापडाच्या चिठ्ठीवर 'डेनिअर' हा शब्द दिसतो. नऊ हजार मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममध्ये वजन म्हणजे डेनिअर. अंक जितका मोठा तितका धागा जाड व कापड जड. लहान सॅकसाठी फार मोठ्या अंकाच्या मोहात पडू नये. मात्र तळाचे कापड वरच्यापेक्षा मजबूत असावे, कारण खडकावर टेकतो तो तळच. नायलॉन घासण्याला चांगले तोंड देते, पॉलिएस्टर उन्हाला अधिक टिकते. चौकडीची बारीक वीण असलेले कापड फाटले तरी फाट पसरत जात नाही.

यानंतर चेन पाहावी. सॅक निकामी होते ती बहुधा कापडामुळे होत नाही. चेन किंवा पट्ट्याची शिवण तिला दगा देते. चेन एका हाताने, न अडखळता उघडली पाहिजे. कोपऱ्यावर तिला तीव्र वळण नसावे, आणि ओढण्यासाठी दोरीची कडी असावी. थंडीत आखडलेल्या बोटांना ती सापडते. १९३४ साली स्थापन झालेल्या 'वायकेके' या जपानी कंपनीची अक्षरे अनेक चांगल्या चेनवर दिसतात. पट्टे जेथे सॅकला जोडलेले असतात तेथे टाके दाट व उलटसुलट मारलेले आहेत की नाहीत, हे चष्मा लावून पाहावे.

एक गोष्ट मात्र तरुण विक्रेते कधीच सांगत नाहीत, ती आतील अस्तराच्या रंगाची. बहुतेक सॅकचे अस्तर काळे असते. मोतीबिंदू पिकत आलेल्या किंवा नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना काळ्या अस्तरात काळे चष्माघर आणि काळे पाकीट सापडत नाही. मग सर्व सामान रस्त्यात उपसावे लागते. अस्तर फिकट, शक्यतो करडे किंवा पिवळसर असावे. माझ्या दृष्टीने ही सोय दोन जादा कप्प्यांहून मोलाची आहे.

शहरातली सॅक

तीच सॅक सोमवारी बँकेत जाते, म्हणून शहराच्या गरजाही पाहाव्यात. ए-फोर आकाराचा कागद २९.७ बाय २१ सेंटिमीटरचा असतो. त्याची फाइल न दुमडता बसली पाहिजे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी निघालेल्या निवृत्तिवेतनधारकाचे पासबुक, आधार आणि चष्म्याचे दोन जोड, दवाखान्यात निघालेल्यांचे जुने अहवाल, मंडईत घडी घालून न्यायच्या दोन कापडी पिशव्या, छत्री आणि पाणी, हे सर्व त्याच १८-२० लिटरांत सुखाने बसते. पाठीला टेकणाऱ्या बाजूला एक छुपा, चेनचा खिसा असावा. पैसे आणि कागदपत्रे तेथे ठेवावीत. लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत किंवा बसमध्ये सॅक पाठीवरून पोटावर घ्यावी. त्यात आपली सुरक्षितता आहे, तसेच मागे उभ्या असलेल्या माणसाला आपल्या सॅकचा धक्का लागत नाही, हे सौजन्यही आहे.

मुंबईहून एकटे परतणाऱ्यांना, तीर्थयात्रेत मांगी-तुंगी किंवा गिरनारच्या पायऱ्या चढणाऱ्यांना आणि नातवाचा हात धरून बागेत नेणाऱ्यांना हीच सॅक तेवढीच कामाची आहे. या सर्वांची गरज एकच: हात मोकळे हवेत.

किमतीचा हिशेब वापरावर करावा. समजा, १,८०० रुपयांची सॅक सहा वर्षे, वर्षातून ३०० दिवस वापरली, तर दर दिवसाचा खर्च एक रुपया येतो. हजार रुपयांची दुसरी सॅक वर्षभरात उसवली, तर तोच खर्च दिवसाला सव्वातीन रुपयांहून अधिक होतो. तरीही सर्वांत महाग ती सर्वांत चांगली असे नाही. डोंगरावर आठवडा काढणाऱ्यांसाठी लावलेल्या साधनांची किंमत आपण का मोजावी?

निगा थोडी राखली की सॅक दीर्घकाळ साथ देते. तिला यंत्रात धुऊ नये, कडक पाण्यात भिजवू नये. सौम्य साबणाने पुसून, उलटी टांगून सावलीत वाळवावी. आतून दिलेला जलरोधक लेप दमटपणाने कालांतराने चिकट होऊन सुटू लागतो. म्हणून पावसाळ्यात ती ओली बंद करून ठेवू नये. चेनचा रनर सैल झाला तर सॅक टाकून देऊ नये. चेन दुरुस्त करणारे कारागीर अजून रस्त्याच्या कडेला बसतात आणि पाच मिनिटांत रनर बदलून देतात. सॅकचा एक लहान खिसा कचऱ्यासाठी राखावा. गडावर नेलेले प्रत्येक वेष्टन त्यातून खाली आणावे. दुसऱ्याने टाकलेलेही एखादे उचलता आले तर उत्तम.

आतल्या खिशात एका कागदावर आपले नाव, रक्तगट, चालू असलेली औषधे आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. हा कागद कधी उपयोगी पडू नये अशीच इच्छा असते. पण तो आहे हे घरच्यांना माहीत असले की ते आपल्याला एकटे जाऊ देतात.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नोकरी संपली की घराबाहेर पडण्याचे सक्तीचे कारण संपते. मग बाहेर जायचे तर छत्री शोधा, चष्मा शोधा, बाटली भरा, गोळ्या घ्या, अशी तयारी आड येऊ लागते आणि 'उद्या जाऊ' हे वाक्य घरात वस्तीला येते. पाय थकण्याआधी माणसाचे निघणे थकते. म्हणून सॅक कपाटात ठेवू नये, दाराजवळच्या खुंटीला अडकवावी. छत्री, पंचा, टॉर्च, औषधे, कापडी पिशवी आणि तो कागद तिच्यात कायम असावा. निघताना फक्त बाटली भरायची, किल्ली घ्यायची आणि छातीवरचा पट्टा लावायचा. सिंहगडची पहिली बस गाठायची असो वा कोपऱ्यावरून भाजी आणायची असो, दार उघडण्यास मग एक मिनिट पुरते.